निरगाठ, सुरगाठ

येलदरीच्या पाण्यावर माझी नाव म्हणजे
एका ट्रकची ट्यूब.
कुठल्या कुठल्या रस्त्यांनी फिरून आलेली;
जिंतूर नाक्यावर युनूसचाचानं
सात ठिगळं लावून तीनशेला दिली. म्हणाला,
"हवा ठैरती इसमें. बस, काटे से बचा."

मधल्या भोकात काथ्याची जाळी विणली,
तिच्यावर बारदाना, बारदान्यावर मी.
पाय पाण्यात. हातांत दोन जुन्या चपला,
हीच वल्ही.

मासा हाती आला
की खरं काम सुरू होतं.
पकडायला काय, पाणीच पकडून देतं.
ठेवायचा कुठं?
ट्यूबला ना कोपरा ना फळी,
गोल सगळी, ओली, निसरडी,
वर ठेवाल ते परत पाण्याला देणारी.

लिंबाजीकाकानं शिकवलं, काठावरून ओरडून:
चिलापीची पाठ ट्यूबकडं करू नको,
तिनं पंखा उघडला की युनूसची ईद.
शिंगाड्याचे तिन्ही काटे पकडीनं आधी मोड.
मरळ मेली असं मरळच सांगत असंल
तर इस्वास ठिवू नको.
कांद्याची जाळीची गोणी घे, पाण्यात सोड,
मासा जिता ऱ्हातो,
जित्याला बाजारात भाव येगळा.
आन् ध्यानात ठिव,
गोणीच्या तोंडाला निरगाठ,
ट्यूबकडच्या टोकाला सुरगाठ.

"आन् कमरंला?"
"कमरंला करदोटा. दुसरं काई नाही."
एवढं म्हणून तो खिशात बिडी शोधू लागला,
कानावर होती ती.
मला त्याचा भाऊ आठवला, सुंदर,
अठरा किलो कमरेला बांधलेले
आणि त्याच दिवशी ट्यूब फुटलेली.
मी पुढं विचारलं नाही.

काल एक कटला लागला.
गोणीत डोकं गेलं, बाकीचा बाहेर.
कल्ल्यातून दोरी ओवून तोंडातून काढली,
ट्यूबला सुरगाठ मारली
आणि चपला मांडीवर ठेवून बसलो.

तो निघाला.
घाई नाही, हिसका नाही,
भरली गाडी शेतातून निघावी तसा,
मला घेऊन, खोल पाण्याकडं.
मागून गोणी, गोणीत चिलाप्या,
काठावरचा माझा डबा बारीक होत होत
नुसती चकाकी.
खरं सांगतो, भीती नंतर आली.
आधी बरं वाटलं.
जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला
न वल्हवता नेत होतं.

दोरीचं टोक बोटांत होतं.
एक झटका, की तो त्याचा, मी माझा.
नऊ किलो तरी असेल, दीडशेचा भाव,
म्हणजे मुक्ताची सायकल,
सायकल नाही तर निदान चाकं.
मी हिशेब करत होतो
आणि पाणी हिरव्याचं काळपट होत होतं,
मग पायाच्या तळव्यांना एकदम गार लागलं.

गाठ सुटली.
सोडली का सुटली,
घरी सांगताना मी दोन्ही सांगितलं.
तीन हात दोरी गेली त्याच्यासोबत.
कल्ल्यात निळी दोरी घेऊन
तो आता कुठं फिरत असेल, कुणास ठाऊक;
कुणाच्या जाळ्यात सापडलाच
तर त्याला वाटेल, मासा कुणाचा तरी पाळलेला.

काकानं ऐकून घेतलं. म्हणाला,
"कोन्ती सुटली?"
"ट्यूबकडची."
"मंग बराबर हाय,"
आणि कुशीवर वळला.

गोणीची मात्र सुटेना.
पाणी पिऊन निरगाठ दगड झाली होती,
माझ्या बोटांत जोर राहिला नव्हता,
विळी हाताशी नव्हती.
मुक्तानं वहीत पेन खोचलं, आली,
गाठ दातांत धरली, मान हलवली,
सुतळीचा धागा थुंकून म्हणाली,
"इतकं घट्ट कोण बांधतं, बाबा?"
आणि अंगणभर चिलाप्या.